चौघांत पाव किलो भेंडी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी डोंबिवलीला राहते, नोकरी फोर्टला. सकाळी सव्वासातला घर सोडते, परत यायला आठ वाजतात. घरी नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. रविवारी हौसेनं पिशवी भरून भाजी आणते, पण मेथी-पालक गुरुवारपर्यंत काळे पडतात आणि टाकून द्यावे लागतात. चौघांच्या दुपारच्या जेवणाला पाव किलो भेंडी किंवा फ्लॉवर करते, तेवढं पुरतं. मुलगा बटाट्याखेरीज कशाला हात लावत नाही. रात्री भाजी चिरून ठेवली की सासूबाई म्हणतात, सगळं सत्त्व गेलं. फळं टोपलीतच सुकतात. रोज नेमकं किती खायला हवं आणि ते माझ्या वेळात कसं बसवू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला माझीच ठाण्याची नोकरी आठवली. अकरा वर्षं मी कल्याणहून जा-ये केली. संध्याकाळच्या लोकलमध्ये बायका मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत, मेथी खुडत बसायच्या. स्वयंपाकाला वेळ लागतोच, पण भाजी खरी अडते ती निवडण्यापाशी, हे मी तिथे शिकले. फोडणी द्यायला दहा मिनिटं लागतात. मेथीची जुडी निवडायला अर्धा तास, आणि तो अर्धा तास घरातल्या एकाच बाईच्या नावावर असतो. म्हणून जुडी काळी पडते.

आधी तुमचा हिशेब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरली आहेत. बटाटा यात धरायचा नाही. पाव किलो भेंडी चौघांत म्हणजे माणशी बासष्ट ग्रॅम, देठं काढल्यावर त्याहून कमी. रात्री तेवढीच भाजी झाली तरी सव्वाशेच्या आत. तुम्हाला ती पुरते, कारण आपण भाजी पोळीला लावण्यापुरती घेतो. तीन पोळ्या आणि चमचाभर भाजी हा डबा मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे, आणि तो पाहून मला अजूनही वाईट वाटतं. लगेच ४०० ग्रॅम गाठू नका. या आठवड्यापासून पाव किलोच्या जागी अर्धा किलो करा आणि प्रत्येकाची एक पोळी कमी करा.

बाजार एकदाच करत असाल तर खाण्याचा क्रम ठरवा. पालेभाज्या रविवार-सोमवारी संपवायच्या. मंगळवार-बुधवारी भेंडी, गवार, फरसबी. आठवड्याच्या शेवटाला कोबी, गाजर, बीट, दुधी आणि लाल भोपळा, कारण ते टिकतात. मेथी न धुता निवडून कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. निवडायला रविवारी संध्याकाळी चौघांनी बसायचं. माझ्या आईनं आमच्याकडे राहायला आली असताना हेच केलं होतं. टीव्हीसमोर चादर अंथरली, मधोमध मेथी ओतली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "बसा हो, हात मोकळेच आहेत." तेव्हापासून आमच्याकडे जुडी वाया गेली नाही.

सासूबाईंचं म्हणणं निम्मं खरं आहे. चिरलेल्या भाजीतलं क जीवनसत्त्व काही प्रमाणात कमी होतं, चिरून पाण्यात भिजत ठेवली तर जास्तच. म्हणून धुऊन, कोरडी करून मग चिरा आणि झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. तंतू आणि खनिजं कुठे जात नाहीत. रात्री चिरलेली दुधी सकाळी शिजवून खाल्ली तर त्यांनी काळजी करू नये.

सकाळी वरण-भाताचा कुकर लावताच ना? त्यात तिसऱ्या भांड्यात लाल भोपळ्याच्या किंवा दुधीच्या फोडी ठेवा. जिरं-मिरचीची फोडणी दिली की भाजी झाली, गॅसजवळ उभं राहावं लागत नाही. आमटीत शेवग्याच्या शेंगा घाला, डाळीत पालक. आणि कोशिंबीर परत आणा. आपल्या ताटात डाव्या बाजूला तिची जागा ठरलेली होती, आता ती फक्त सणावारी दिसते. डब्यात काकडीला पाणी सुटतं, म्हणून गाजर किंवा कोबी घ्या. किसून मोहरीची फोडणी, दाण्याचं कूट, वर लिंबू. दुपारपर्यंत छान राहते. त्या लिंबामुळे पालेभाजीतलं लोहही अंगी लागायला मदत होते. जेवणाला लागून चहा घेतला तर उलट होतं, तेव्हा ऑफिसातला चहा तासभर पुढे ढकला.

मुलाला जेवायला बसवून भाजी भरवू नका. सात वाजता तो भुकेला असतो तेव्हा वेफर्सचं पाकीट दिसण्याआधी त्याच्यासमोर गाजर-काकडीचे लांब तुकडे मीठ-लिंबू लावून ठेवायला सासूबाईंना सांगा. पहिले आठ-दहा दिवस तो दोनच खाईल. तेवढ्यावर बोलू नका, रोज ठेवत राहा. बटाटा बंद करू नका, त्याच भाजीत मटार, फरसबी वाढवत न्या.

फळं टोपलीत सुकतात, कारण ती चिरायची वाट बघत असतात. सुरी न लागणारी आणा : पेरू, केळं, चिकू, हिवाळ्यात संत्री, बोरं. पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं, आणि तो किवीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. एक मध्यम पेरू म्हणजे तुमचे १०० ग्रॅम झाले. सकाळी निघताना तो पर्समध्ये टाका, परतीच्या गाडीत खा. घरी पोचल्यावर चिवड्याच्या डब्याकडे हात जाणार नाही. रस मात्र नको, त्यात चोथा जातो आणि साखर तेवढी राहते.

घरात कुणाला मधुमेह असेल तर फळाचं प्रमाण, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर भाज्यांचंही, डॉक्टरांना विचारूनच ठरवा. सासूबाईंच्या वयाचा उल्लेख तुम्ही केलेला नाही. त्यांना चावायला त्रास होत असेल तर त्यांच्या वाटणीची कोशिंबीर बारीक किसा किंवा गाजर वाफवून दह्यात कालवा.