कळलावीच्या बिया पेरल्या, पण उगवल्या नाहीत. ही वेल बियांपासून घरी होते का?

गेल्या जूनमध्ये आपण कळलावीच्या दहा बिया कुंडीत पेरल्या, ऑगस्ट संपेपर्यंत एकही उगवली नाही म्हणून कुंडी रिकामी केली, आणि आता ही वेल बियांपासून होतच नाही की काय, असे विचारले आहे. होते. माझ्या अंगणात आज ज्या वेली आहेत त्या सगळ्या बियांच्याच आहेत. आपली चूक पेरणीत नसून कुंडी रिकामी करण्यात झाली असावी.

कळलावीच्या बीमधला भ्रूण लहान असतो आणि त्याभोवतीचा गर कठीण असतो, त्यामुळे एकाच बोंडातल्या बियाही एका वेळी उगवत नाहीत. मी पहिल्यांदा वीस बिया पेरल्या, तेव्हा सहा रोपे महिन्या-सव्वा महिन्यात दिसली, तीन गणपतीच्या सुमारास वर आली आणि चार तर थेट पुढच्या पावसाळ्यात उगवली. वरून काही दिसत नसले तरी मातीत काम चालू असते. शिवाय पहिला कोंब गवताच्या पात्यासारखा बारीक असतो, आणि माझी दोन रोपे मी स्वतःच तण समजून उपटली आहेत, हेही कबूल करतो.

बोंडे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिवळट तपकिरी होऊन तीन भागांत उकलतात आणि आत शेंदरी-लाल बिया दिसतात. त्या हातमोजे घालून काढाव्यात, वरचा मऊ थर धुऊन टाकावा, सावलीत वाळवाव्यात आणि कागदी पाकिटात ठेवाव्यात. मेअखेरीस एक दिवस पाण्यात भिजवून पेराव्यात. माती पाणी धरून ठेवणारी नसावी. मी लाल माती, भरड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा समप्रमाणात घेतो. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल नको, पण कुंडी मात्र किमान 10 इंच खोल हवी, कारण कंद दरवर्षी आणखी खाली जातो.

सर्वांत जास्त रोपे मरतात ती मात्र पावसाळ्यात नव्हे, हिवाळ्यात. कळलावी बहुवर्षायू असली तरी तिचा जमिनीवरचा भाग एका पावसाळ्यापुरताच असतो. नोव्हेंबरमध्ये पाने पिवळी पडून रोप वाळले की नवखा माणूस घाबरून अधिक पाणी घालतो, आणि खाली झोपी गेलेला कंद कुजतो. पाने वाळू लागताच पाणी बंद करावे, कुंडीवर नाव आणि पेरणीची तारीख लिहून ती पाऊस लागणार नाही अशा सावलीच्या जागी ठेवून द्यावी आणि मेअखेरीपर्यंत तिच्याकडे पाहूही नये. उत्सुकतेपोटी कंद उकरून पाहण्याचा मोह तर अजिबात नको. जुना कंद दरवर्षी आटून त्याच्या जागी नवा तयार होतो, त्याचा आकार नांगरासारखा असतो (संस्कृतातले ‘लांगली’ हे नाव त्यावरूनच आले), आणि फुटवा येणारा डोळा त्याच्या टोकाशीच असतो. ते टोक मोडले तर तो कंद पुन्हा फुटत नाही.

पहिल्या वर्षी रोप वीतभरही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पानांची टोके ताण्यांसारखी वळू लागतात. त्यांना जाड बांबू धरता येत नाही, म्हणून बारीक काटक्या किंवा तार द्यावी. फूल तिसऱ्या किंवा चौथ्या पावसाळ्यात येते. माझ्याकडे चौथ्यात आले, तेही गौरी बसल्या त्याच आठवड्यात, आणि आमच्याकडे या फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणत असल्याने घरच्यांनी ते माझ्याआधी हेरले. केवळ फुलेच हवी असतील तर रोपवाटिकेतून वाढलेला कंद घ्यावा, तो बहुधा त्याच वर्षी फुलतो. रानातून मात्र कंद खणून आणू नये. औषधासाठी तो आधीच भरपूर खणला जातो.

एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. या वेलीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे तीव्र विष असते. कंद रताळे समजून खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. घरात लहान मूल किंवा गुरे असतील तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी, आणि प्रसूतीच्या कळांसाठी कंदाचा लेप लावण्याचा जुना उपाय कोणी सुचवला तर तो कटाक्षाने टाळावा.

पुढे स्वतःच्या वेलीच्या बिया हव्या असल्यास कीटकांवर विसंबू नये. या फुलाचा कुक्षिवृंत (फुलाच्या स्त्रीभागाचा दांडा) काटकोनात बाजूला वळलेला असल्याने त्याच फुलाचे पराग कुक्षीवर, म्हणजे त्या दांड्याच्या पराग घेणाऱ्या टोकावर, सहसा पडत नाहीत. तमिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती करणारे शेतकरीही परागीकरण हाताने करतात. सकाळी मऊ कुंचल्याने दुसऱ्या वेलीवरचे पराग आणून कुक्षीला लावावेत. म्हणूनच मी किमान दोन वेगळ्या बियांची रोपे शेजारी ठेवतो.