मतदानाआधीचा बोलबाला

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचकानं विचारलंय: 'अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची चुरस सुरू झाली की मराठी बातम्यांत मथळा येतो, "आयोवात अमुक यांचा बोलबाला". तेव्हा मतदानाला अजून कित्येक महिने असतात. इथे "बोलबाला" बरोबर आहे का? की "गवगवा" म्हणावं? आणि "प्रायमरी"ला मराठीत काय म्हणावं?'

बोलबाला चूक. गवगवा बरोबर, गाजावाजाही चालेल. मतमोजणी होईपर्यंत बोलबाल्याला हात लावू नये.

'प्रायमरी'साठी कुणी 'प्राथमिक निवडणूक' लिहितात. ते वाचलं की मला प्राथमिक शाळाच आठवते. 'पक्षांतर्गत उमेदवार-निवड' हे अर्थाला धरून आहे, पण मथळ्यात मावत नाही. प्रायमरी हा शब्द वाचकाला कळतो, तो राहू द्या.

आता बोलबाला. या शब्दाचे हाल बघून मला खरोखर राग येतो. 'शहरात डेंग्यूचा बोलबाला', 'लग्नसराईत फिकट रंगांचा बोलबाला', 'बाजारात भेसळीचा बोलबाला' असे मथळे सर्रास छापले जातात. डेंग्यूला बोल कुठला? जे जे पसरतं, दिसतं, खपतं, त्या सगळ्यावर हा एकच शिक्का मारायचा, आणि शब्दात काय दडलंय ते कुणी उघडून बघायचं नाही.

उघडून बघा. बोल म्हणजे आपला, घरचा बोल: उच्चारलेला शब्द. बाला हा फारसी. त्याचा अर्थ वर, उंच, वरचा. बोल बाला म्हणजे ज्याचा शब्द वर राहिला, ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचा शब्द चढला नाही. 'सच्चे का बोलबाला, झूठे का मुँह काला' या हिंदी म्हणीत हा अर्थ अजून शाबूत आहे. तिथे सच्च्या माणसाची प्रसिद्धी होते असं कुणी म्हणत नाही. त्याचा शब्द शेवटी वर राहतो, एवढंच म्हणायचंय. फकीर दुवा द्यायचे तीही हीच, तुझा बोल बाला राहो. म्हणजे हा शब्द मुळात आशीर्वाद आहे. पुढं घडावं अशी इच्छा त्यात आहे, घडल्याची बातमी नाही. ज्याला अजून एकही मत पडलेलं नाही त्याचा बोलबाला झाला असं छापणारा वार्ताहर आशीर्वादाला बातमी समजून बसलेला असतो.

या 'बाला'चं गोत आपल्या भाषेत केवढं आहे! बालेकिल्ला घ्या. बाला म्हणजे वरचा, म्हणून बालेकिल्ला म्हणजे गडावरचा सगळ्यात उंच किल्ला. बाल म्हणजे मूल, म्हणून बालेकिल्ला म्हणजे किल्ल्याच्या पोटातलं लहानसं पिल्लू, अशी एक व्युत्पत्ती गडांवर फिरणाऱ्या मंडळींकडून मी इतक्यांदा ऐकलीय की आता तिथल्या तिथे थांबवतो. ती निखालस खोटी आहे. राजगडावर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या खाली पसरलेल्या आणि मधोमध कातळावर बालेकिल्ला. तिथे एकदा चढलेल्या माणसाच्या पायांना ही व्युत्पत्ती कळलेली असते. काबूलचा बालाहिसार आणि गोवळकोंड्याचा बालाहिसार हे याच कुळातले.

बालाघाट म्हणजे घाटावरचा, उंचावरचा मुलूख. वऱ्हाडचे जुने दोन भाग होते, सखल खोऱ्याचा पायनघाट आणि त्याच्या दक्षिणेला चढावरचा बालाघाट. पायन म्हणजे खालचा. बीड-धाराशिवकडची बालाघाटची रांग शाळेत सगळ्यांनी नकाशावर रंगवलीय, पण नावाचा अर्थ कुणी सांगितला होता का? मग 'बालाबाल'. मालकाला न विचारता, त्याच्या डोक्यावरून परस्पर केलेलं काम बालाबाल होतं. वरच्यावर, अगदी शब्दशः. याची गल्लत 'बालंबाल'शी करू नका. बालंबाल बचावणं आणि बालंबाल खात्री असणं यातला बाल म्हणजे केस. तो निराळा.

वर आहे तसं खालीही आहे. फारसीत बालाच्या उलट ज़ेर. आपण तो 'जेर' करून घेतला: जेरीस आणणं, जेरीस येणं, म्हणजे खाली दाबलं जाणं. घोड्याच्या मानेखालून, छातीवरून पोटपट्ट्याला बांधतात तो पट्टा जेरबंद. त्यानं घोडा मान वर उडवू शकत नाही. रोज गुन्हेगारीच्या बातम्यांत चोरटे 'जेरबंद' होतात ते या पट्ट्यानं. अमेरिकेतले पत्रकार निवडणुकीचं वार्तांकन घोड्यांच्या शर्यतीसारखं करतात, कोण पुढे, कोण मागे, कुणाचा दम संपला, अशी तिथल्याच अभ्यासकांची जुनी तक्रार आहे. ती वाचताना मला दर वेळी हा पट्टा आठवतो. उमेदवाराला आधी बाला करायचं आणि मग जेर.

(बाल्कनी हा शब्द फारसी 'बालाखाना'वरून आला अशी माहिती फिरत असते. ती कृपया पुढे पाठवू नका. बाल्कनी इटालियन 'बाल्कोने'वरून आली आणि तिच्या मुळाशी जर्मानिक तुळई आहे. आवाज जुळला की नातं जुळत नाही.)

भाषाशुद्धीवाल्यांशी माझं इथेच भांडण आहे. महापौर आणि दिनांक हे सावरकरांचे शब्द मी आनंदानं वापरतो. पण फारसी म्हणून शब्द काढून टाकायचा हा त्यांचा निकष मला कधीच पटला नाही. बोलबाला शुद्ध कसा करणार? अर्धा ठेवून अर्धा फेकणार? बालेकिल्ल्यात बाला फारसी आणि किल्ला अरबी, म्हणजे त्यात आपलं अक्षरही नाही. तरी सह्याद्रीत त्याहून मराठी शब्द शोधून दाखवा. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन दरबारी फारसीला संस्कृत पर्याय दिले, तरी गडावरचा माणूस बालेकिल्लाच म्हणत राहिला.

भांडण कोशकारांशीही आहे. बोलबाल्यापुढे 'प्रसिद्धी, ख्याती' लिहून मोकळं होणं हा आळस आहे. लोक तसं बोलतात हे मला मान्य. पण दोन शब्दांच्या मधला बांध कोशानंच बुजवला तर लेखकानं कुणाकडे बघायचं? प्रसिद्धी आडवी पसरते. बोलबाला उभा चढतो.

माझं तर असं मत आहे, आणि ते मी पुष्कळ वर्षं बाळगून आहे, की हा परका शब्द मराठीत इतका सहज रुजला याचं कारण मराठीनं शब्दाला आधीपासूनच उंची दिलेली होती. 'तुमचा शब्द खाली पडू देणार नाही' असं आपण म्हणतो. वडीलधाऱ्यांचा शब्द झेलतो, म्हणजे तो जमिनीला लागायच्या आत हातावर घेतो. शब्दाला वजन असतं, म्हणूनच तो पडू शकतो. आवाज चढतो, माणूस वरचढ ठरतो. अशा भाषेत कुणी येऊन म्हणालं, 'बोल बाला', तर तिला ते समजावून सांगावं लागलं नसणार. बोलबाल्याच्या उलट काय, तर शब्द खाली पडणं. जोडी पूर्ण होते.

गवगव्याला मात्र उंची नाही. तो मला फारसीतल्या 'गौगा'चा, म्हणजे गोंगाटाचा, वंशज वाटतो. गाजावाजा तर उघडच गाजणं आणि वाजणं. दोन्ही शब्द नुसत्या आवाजाचे आहेत, आणि आवाज कोण करतंय याचा त्यात पत्ता नसतो. हे महत्त्वाचं आहे. बोलबाल्यातला बोल ज्याचा त्याचा असतो, गवगवा दुसरे करतात.

आता अमेरिकेकडे. हे सगळं एका माणसाच्या गोष्टीत दिसतं: हॉवर्ड डीन, पेशानं डॉक्टर, व्हरमाँटचे माजी गव्हर्नर. २००३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी उतरले, इराक युद्धाला उघड विरोध केला, आणि इंटरनेटवरून लहान लहान देणग्या गोळा करत त्या एका वर्षात सुमारे ४ कोटी डॉलर उभे केले. ऑगस्टमध्ये टाइम आणि न्यूजवीक या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवर एकाच आठवड्यात तेच. डिसेंबरमध्ये माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी जाहीर पाठिंबा दिला. उमेदवारी त्यांचीच, आता फक्त औपचारिकता उरली, असा सूर लागला होता. आणि तोपर्यंत मतं किती पडली होती? शून्य.

आयोवा राज्यात प्रायमरीऐवजी कॉकस, म्हणजे पक्षाच्या मतदारांची सभा, असतो. डेमोक्रॅटांच्या तेव्हाच्या पद्धतीत शेजारीपाजारी शाळेत, चर्चमध्ये, एखाद्या सभागृहात जमायचे आणि आपापल्या उमेदवाराच्या गटात उघडपणे उभे राहायचे. साधारण पंधरा टक्क्यांच्या खाली राहिलेल्या गटाला मोडावं लागे, मग बाकीचे गट त्यातल्या माणसांना समजावून आपल्याकडे ओढत. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला तोंडानं पटवायचं! बोल वर राहतो की खाली पडतो हे डोळ्यांनी बघायची याहून चांगली जागा मला माहीत नाही. डीन यांचे नारिंगी टोप्या घातलेले स्वयंसेवक बाहेरच्या राज्यांतून हजारोंनी आले होते, घरोघर फिरले होते. १९ जानेवारी २००४ च्या रात्री आकडे आले ते असे: जॉन केरी ३८ टक्के, जॉन एडवर्ड्‌स ३२, डीन १८.

त्याच रात्री समर्थकांसमोर राज्यांची नावं एकामागून एक घेत त्यांनी शेवटी जी आरोळी ठोकली ती पुढचे काही दिवस वाहिन्यांनी शेकडो वेळा दाखवली. सभागृहात एवढा कल्लोळ होता की तिथल्या बऱ्याच लोकांना ती नीट ऐकूही आली नव्हती. पण हातातला माइक जवळचा आवाज तेवढा घेणारा होता. त्यानं गर्दी गाळली आणि घरोघरच्या टीव्हीवर एकटा माणूस ओरडताना दिसला. गवगवा करणाऱ्यांनीच त्या रात्री गवगवा काढून घेतला, असं मी म्हणेन. ज्यांनी ऑगस्टमध्ये मुखपृष्ठ दिलं त्यांच्यापैकी कुणाला जानेवारीत त्याचा जाब द्यावा लागला नाही, आणि मला याचीच जास्त चीड आहे. आठ दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये केरी पुन्हा पुढे, डीन दुसरे. १८ फेब्रुवारीला डीन यांनी प्रचार थांबवला.

यावर कुणी जिमी कार्टर यांचं नाव काढेल, आणि काढावंच. १९ जानेवारी १९७६, तारीखही तीच, आयोवाही तोच. जॉर्जियाचे माजी गव्हर्नर कार्टर यांना सुमारे २८ टक्के मिळाले, आणि त्यांच्या वर ३७ टक्के होते ते कोणाच्याच बाजूला न गेलेले लोक. वृत्तपत्रांनी विजेता ठरवलं कार्टर यांना. न्यूयॉर्क टाइम्सनं तर १९७५ च्या ऑक्टोबरमध्येच आयोवात त्यांची आघाडी असल्याचं छापलं होतं. पुढं ते खरोखर राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे आशीर्वाद कधी फळतोही. पण तो फळला नोव्हेंबरमध्ये. त्या जानेवारीच्या रात्री आयोवातल्या सगळ्यात मोठ्या गटानं कुणाचाच बोल उचलला नव्हता, आणि 'कार्टर यांचा बोलबाला' हा मथळा त्या दिवशी खोटाच ठरला असता. छापून छापून तो खरा करता येतो, हा युक्तिवाद मला भाषेच्याही दृष्टीनं घातक वाटतो आणि लोकशाहीच्याही.

तेव्हा तुमच्या मथळ्यात 'आयोवात अमुक यांचा गवगवा' असं करा. कॉकस झाल्यावर, अमुक जिंकले तर, बोलबाला म्हणा. मी स्वतः टाळ्या वाजवीन.

आणखी एक. याच बातम्यांत उमेदवार पुढे असलेल्या कुठल्याही राज्याला त्याचा 'बालेकिल्ला' म्हणायची सवय आहे, पाहणीत चार टक्के पुढे असलं तरी. बालेकिल्ला माच्या पडल्यावर कळतो. डीन यांनी माघार घेतली, त्यांची देशभरची लढाई संपली, आणि २ मार्च २००४ रोजी व्हरमाँटमध्ये प्रायमरी झाली. मतपत्रिकेवर त्यांचं नाव तसंच होतं. तिथल्या डेमोक्रॅट मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी त्यांनाच मत दिलं.