सनद मिळाली, आता आमदारकी?

चि. स अनेक आशीर्वाद.

वकिलीची सनद मिळून वर्ष झालं नाही तोच तुला जिल्हा परिषदेच्या तिकिटाचे वेध लागले. मग आमदारकी, पुढं खासदारकी, असा आराखडाही पाठवलास. वर दाखला यशवंतरावांचा! मग त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

चव्हाणसाहेब 1941 मध्ये एलएल.बी. झाले, कराडात वकिली सुरू केली आणि बेचाळीसच्या चळवळीत ती मागं पडली. म्हणजे वकिली फार केलीच नाही, हे तुझं म्हणणं खरं. पण 1932 मध्ये झेंडा लावल्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती, हे तू सोयीनं गाळलंस. 1946 मध्ये मुंबई विधिमंडळात गेले, संसदीय सचिव झाले. मुख्यमंत्रिपद 1956 मध्ये आणि लोकसभा थेट 1963 मध्ये, नाशिकच्या पोटनिवडणुकीतून, तीही बिनविरोध. घाई कुठं दिसते तुला?

शिवाय मुंबई आणि दिल्लीचं काम एक नव्हे. शेतजमिनीच्या कमाल धारणेचा आणि जिल्हा परिषदांचा, असे दोन्ही कायदे 1961 मध्ये ते मुख्यमंत्री असताना झाले. दोन्ही राज्यसूचीतले, म्हणजे राज्यानं कायदा करायचे विषय. दिल्लीत हाती आलं संरक्षण. इथं मात्र लोकसभेचा उमेदवार तलाठ्याची बदली करून देतो म्हणून हात जोडत फिरतो आणि लोकही टाळ्या वाजवतात!

तुझ्या वकिलीचा खरा उपयोग विधेयक वाचताना होईल. उद्देश आणि कारणं छान लिहिलेली असतात, बहुतेक सदस्य तेवढ्यावरच भाषण ठोकतात. तू शेवटाकडून वाच. तिथं सरकारला नियम करण्याचा अधिकार देणारं कलम असतं. फी किती, अर्ज कुणाकडं, मुदत किती, अपील कुठं, हे सगळं त्या एका कलमातून मंत्रालयाच्या हाती जातं. पक्षकाराचं नशीब तर याच तपशिलांवर ठरतं. मुदतीत न बसलेली अपिलं तूही पाहिली आहेसच. म्हणून दुरुस्ती सुचवायची ती तिथं: मुदत कायद्यातच लिहा, नियमांवर सोडू नका. पुढं ते नियम सभागृहापुढं ठेवले जातात तेव्हा कुणी उघडूनही बघत नाही. तू बघ. पेपरात नाव येणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

आमदार झाल्यावर वकिली करता येते, सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये तसा निकाल दिलाय. पण अधिवेशन आणि तारखा एकत्र आल्या की पक्षकार वाऱ्यावर सुटतो. तेव्हा ज्युनियर आधी तयार कर.

आणि आमदार असताना लोकसभा जिंकलीस, तर चौदा दिवसांत राजीनामा दे. नाही दिलास तर जाईल ती खासदारकी, आमदारकी नव्हे. संविधानाचा अनुच्छेद 101 आणि त्याखालचे 1950 चे नियम स्वतः काढून वाच, मी सांगतो म्हणून मान्य करू नकोस.

तुझा,
काका