बाबांची पक्की नोकरी आणि तुझं समाजशास्त्र

प्रश्न: मी वडोदऱ्यात दांडिया बाजारला राहते, बारावी कॉमर्सला आहे. मला समाजशास्त्रात बी.ए. करायचंय. बाबा म्हणतात, बी.कॉम. कर, बँकेच्या परीक्षा दे, मेहनत केली की सगळं मिळतं. पण आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी माझ्याइतकीच हुशार, तरी आठवीनंतर तिची शाळा सुटली. हे म्हटलं की बाबा चिडतात. आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा बाबा दहावीत होते. माझं चुकतंय का?

उत्तर: नाही बेटा. पण गिरणीचं तू शेवटी जाता जाता लिहिलंस, मी तिथूनच सुरू करते. ऐन दहावीत घरात येणारा पगार थांबला, तर त्या मुलाला पुढे पक्क्या नोकरीचीच ओढ लागणार. बाबांचा आग्रह त्या दिवसांतून आलाय. त्यात आपली बडोद्याची मराठी घरं. गायकवाडी चाकरीपासून पहिल्या तारखेचा पगार म्हणजे अब्रू, हे आपल्यात मुरलेलं आहे.

मेहनतीचं म्हणशील, तर याच गावात घडलेलं सांगते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली संस्थानाच्या नोकरीवर रुजू व्हायला आले, तर बडोद्यात त्यांना कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना घालवलं. महाराजांची इच्छा होती, यांची विद्वत्ता होती, आणि गावात एक खोली मिळत नव्हती. हे कशामुळे होतं, याचाच अभ्यास तुला करायचाय. इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९५१ साली प्रा. एम. एन. श्रीनिवास यांनी उभा केला, म्हणजे विषय तुझ्या दाराशीच आहे.

एक मात्र कर. त्या मुलीची शाळा का सुटली, हे तू तिला विचारलंयस का? धाकटं भावंड सांभाळायला, शाळा लांब म्हणून, की आणखी काही? स्वतः ठरवून टाकू नकोस. तिच्याजवळ बस, ती सांगेल ते ऐक. मग तशाच बाबांकडून गिरणीच्या गोष्टी ऐक, वाद न घालता.

बी.ए.ला अर्थशास्त्र जोडीला मिळालं तर घे. कॉमर्सचं आकडेमोडीचं वळण पुढे सर्वेक्षणात कामी येतं. नंतर एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करता येईल. आणि बँकेच्या कारकून-अधिकारी परीक्षांना कुठल्याही शाखेची पदवी चालते. हे बाबांना आज रात्री जेवतानाच सांग.