आयव्हीएफमध्ये यशाची शक्यता आधी सांगता येते का?

तुमचे वय ३७, एएमएच (अंडाशयातील स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) १.१, आणि आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी उपचारात यश किती, असे तीन ठिकाणी विचारल्यावर २५, ४० आणि ६० टक्के अशी तीन उत्तरे मिळाली. यांतले खरे कोणते, असे तुम्ही विचारले आहे. तिन्ही खरी असू शकतात, कारण ती बहुधा तीन वेगवेगळ्या गोष्टींची टक्केवारी आहे.

मी ३८ वर्षांची असताना डॉक्टरांनी माझ्या फाइलच्या मागच्या बाजूला ‘६०’ लिहून त्याभोवती दोनदा पेन फिरवले होते. त्या सायकलमध्ये, म्हणजे उपचाराच्या त्या फेरीत, नऊ स्त्रीबीजे मिळाली, सात परिपक्व निघाली आणि चार फलित झाली. पाचव्या दिवशी सकाळी ट्रान्सफरसाठी, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडून घेण्यासाठी, निघताना मी पायात चपला घालत होते, तेवढ्यात प्रयोगशाळेतून फोन आला की एकही भ्रूण ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे पाचव्या दिवसाच्या अपेक्षित वाढीपर्यंत, पोहोचला नाही. आपण उरलेल्या चाळिसांत गेलो, असे माझे पती तेव्हा म्हणाले आणि आजही म्हणतात. मला ते कधीच पटलेले नाही. पुढच्या भेटीत खोदून विचारल्यावर कळले की ते ६० टक्के ट्रान्सफर झालेल्या सर्व वयांच्या स्त्रियांपैकी बीटा एचसीजी (गर्भधारणेची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आलेल्यांचे होते. माझे ट्रान्सफरच झाले नाही, म्हणजे मी साठांतही नव्हते आणि चाळिसांतही नव्हते. त्या हिशेबात मला धरलेलेच नव्हते.

म्हणून शंभर म्हणजे कोण आणि यश म्हणजे काय, हे दोन्ही विचारा. उपचार सुरू केलेल्या, तुमच्याच वयाच्या स्त्रियांपैकी किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या, एवढेच मोजण्यासारखे आहे. पॉझिटिव्ह चाचणीनंतरही काही गर्भ टिकत नाहीत. एएमएचवर फार विसंबू नका, कारण त्यावरून स्त्रीबीजे किती मिळतील याचा अंदाज येतो, बाळ होईल की नाही याचा फारसा येत नाही. सर्वांत जास्त वजन स्त्रीबीजाच्या वयाला आहे, आणि म्हणूनच दात्या स्त्रीचे बीज घेतल्यास तिचे वय धरतात. ब्रिटनमधील एक लाखाहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवरून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले गणित मला प्रामाणिक वाटते, कारण ते एका ट्रान्सफरपुरते न बोलता सहा पूर्ण सायकलींपर्यंतची एकत्रित शक्यता सांगते आणि पहिल्या प्रयत्नानंतर अंदाज सुधारून देते. त्या नोंदी १९९९ ते २००८ या काळातल्या आहेत आणि कोणताही आकडा गटाचा असतो, एकटीचा नसतो, हेही लक्षात ठेवा. माझ्या डॉक्टरांनी खोटे सांगितले, असेही माझे म्हणणे नाही.

दुसऱ्या सायकलआधी मी तो ‘६०’ त्यांच्याकडून खोडून घेतला आणि माझ्या वयाचा, जिवंत जन्माचा आकडा त्याच जागी लिहून घेतला. असे केल्याने उमेद खचते, असे पतींचे म्हणणे होते. तो आकडा साठाच्या निम्म्याहूनही कमी निघाला, आणि तो वाचूनच मी संमतिपत्रावर सही केली.