‘मॅडम, मी जागाच झालो नाही तर?’

‘सगळं पटतंय, पण समजा मी त्यातून जागाच झालो नाही तर? आणि गुंगीत घरचं काही भलतंसलतं बोलून बसलो तर?’

संमोहनाचं नाव काढलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. या खेपेला विचारणारे चाळिशी ओलांडलेले गृहस्थ होते. राहायला बदलापूर, नोकरी फोर्टात, हिशेबाच्या कामाची. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) तक्रार पोटाची. निघण्याआधी तीनदा संडासला जाऊनही ‘साफ झालं’ असं वाटायचं नाही, आणि गाडी सुटली की अंबरनाथ यायच्या आत बेंबीखाली मुरडा. लोकलला संडास नाही. त्यामुळे कल्याण, ठाणे, घाटकोपर, दादर असे टप्पे ठरलेले. कुठल्या फलाटाच्या कुठल्या टोकाला सोय आहे ते तोंडपाठ. सकाळचा नाश्ता बंद, फक्त कोरा चहा. खिशात जुलाब थांबवायची गोळी. तासभर आधी निघायचं, कारण मध्ये दोनदा उतरावं लागणार हे गृहीत.

त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट ओझरती आली, पण महत्त्वाची होती. रविवारी, तेच घरचं जेवण जेवूनही, मुरडा सहसा येत नसे.

संमोहन-उपचारासाठी आमच्याकडे येण्याआधी पोटाच्या डॉक्टरांनी रक्ताच्या आणि शौचाच्या तपासण्या करून ‘आयबीएस’ (इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे आतड्याला जखम नसताना होणारा पोटाचा त्रास) असं निदान लिहून दिलं होतं. हा कागद नसता तर पुढचं काहीच सुरू केलं नसतं. शौचातून रक्त, कारण नसताना उतरलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, अंगातलं रक्त कमी होणं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं एकही असेल तर आधी डॉक्टर. जी कळ इशारा देतेय तिला गोंजारून गप्प करणं धोक्याचं.

आता त्यांच्या शंकेकडे. यावर व्याख्यान देण्यापेक्षा पाच मिनिटांचा प्रयोग बरा पडतो. त्यांना डोळे मिटायला सांगितलं. हातात कैरीची फोड आहे, वर तिखटमीठ भुरभुरलंय, दात लावताच कर्र्र आवाज होतो... त्यांनी आवंढा गिळला. तेवढ्यात मुद्दाम विचारलं, ‘आता एटीएमचा पिन सांगा बरं.’ डोळे मिटलेलेच, पण ते हसले. ‘तो नाही सांगणार.’ पंख्याचा आवाज येत होता का? येत होता. बाहेर भाजीवाला ओरडला तोही ऐकू आला होता.

संमोहन म्हणतात ते साधारण एवढंच, थोडं अधिक खोल. ती झोप नव्हे. लक्ष एका जागी गोळा झालेलं असतं आणि सुचवलेली गोष्ट शरीर जरा जास्त मनावर घेतं. समोरचा माणूस मध्येच उठून गेला तर एकतर तुम्ही डोळे उघडता, नाहीतर डुलकी लागते आणि मग जाग येते. झोपेचा घोळ नावापासूनच आहे. जेम्स ब्रेड या मँचेस्टरमधल्या शल्यचिकित्सकाने १८४०च्या दशकात ग्रीक भाषेतल्या ‘झोप’ या शब्दावरून ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रुळवलं. पुढे त्यालाच ते चुकीचं वाटू लागलं, पण तोवर नाव चिकटलं होतं.

गुपितं फुटण्याची भीती उलट्या बाजूने बाळगायला हवी. संमोहनात आठवण अचूक होत नाही, मात्र ती खरी असल्याची खात्री वाढते. म्हणून ‘मागच्या जन्मात जाऊन मूळ शोधून देतो’ असं कुणी म्हणालं तर चप्पल घालावी आणि निघावं.

पोटासाठीचं संमोहन योगायोगाने मँचेस्टरमध्येच आकाराला आलं. पोटविकारतज्ज्ञ पीटर व्होरवेल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ३० रुग्णांवरचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्याच केंद्राच्या २००३ च्या पाहणीत २०४ जणांपैकी ७१ टक्क्यांना सुरुवातीला गुण आला होता. हे आकडे ऐकून हुरळू नये. नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचणीत तीन महिन्यांनी ‘पुरेसा आराम’ म्हणणारे सुमारे ४० टक्केच निघाले. नुसती माहिती आणि धीर दिलेल्या गटात ते १७ टक्के होते. म्हणजे उपयोग आहे, हमी नाही. कुठले उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची शिफारसही तशीच बेताची आहे: बारा महिने औषधं घेऊन गुण नसेल तर विचार करा.

हे घडतं कसं? आयबीएसमध्ये आतड्याला जखम नसते, पण आतड्याकडून मेंदूकडे जाणारी खबर मोठ्या आवाजात पोचते. जेवणानंतर आतड्याची नेहमीची हालचालसुद्धा कळ म्हणून जाणवते. भीतीने ती हालचाल आणखी वाढते, आणि लक्ष तिथेच खिळलं की आवाज आणखी मोठा. रविवार शांत का जायचा, ते यात आलं.

दहा बैठका ठरल्या, प्रत्येकी पाऊण तास, आधी आठवड्याला एक. त्याआधी दोन आठवडे वही: कळ ० ते १० मध्ये किती, संडासला किती वेळा, काय खाल्लं, कुठली गाडी. सुरुवात अशी: भिंतीवर नजरेच्या थोडं वर एक ठिपका, चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. पापण्या जड झाल्या की मिटू द्यायच्या. पावलांपासून वर एकेक भाग सैल, मग दहा पायऱ्या उतरत खाली. शेवटी स्वतःचे तळवे स्वतःच्या पोटावर, आणि तिथे ऊब साठतेय ही सूचना. यात दुसऱ्या कुणी पोटाला हात लावायची गरज नसते.

पहिल्या बैठकीत चित्र फसलं. नेहमीचा शांत समुद्रकिनारा सुचवला, तर त्यांचा श्वास वाढला. नंतर म्हणाले, ‘किनाऱ्यावर संडास कुठे असतो?’ चूक आमची होती. चित्र त्यांच्याकडूनच यायला हवं. मग विचारलं, पाणी निवांत वाहताना कुठे पाहिलंय? त्यांची शेती प्रवरेच्या पाटाखालची. लहानपणी वडिलांबरोबर रात्री दारं धरायला जायचे. वाफा भरला की खोऱ्याने माती ओढून त्याचं दार बंद, पुढच्याचं मोकळं. पाणी अंगावर आलं तर बांध फुटतो, म्हणून आधी वरच्या दाराला माती लावायची. ते सांगताना हातात खोरं असल्यासारखी बोटं वळत होती. दुसरं चित्र शोधायची गरजच उरली नाही.

सूचनेचे शब्दही जपून निवडावे लागतात. ‘आता मुरडा येणार नाही’ म्हटलं की मन आधी मुरडा शोधतं. त्याऐवजी: ‘पाट त्याच्या गतीने चाललाय. वाफ्याला लागेल तेवढंच पाणी. दार तुमच्या हातात.’

घरी रोज अठरा मिनिटांचं ध्वनिमुद्रण ऐकायचं होतं, ठरल्या वेळी, शक्यतो बसून. गाडी चालवताना कधीच नाही. चौथ्या आठवड्यात ते वैतागून आले: ‘माझ्यावर चालत नाही हे.’ वही पाहिली तर सातांपैकी दोनच दिवस सराव, तोही गाडीत मुरडा सुरू झाल्यावर कानात इअरफोन खुपसून. तहान लागल्यावर विहीर खणायचा प्रकार. शरीराला वाट शांत वेळीच शिकवावी लागते. पोट बरं असताना रोज ऐकायचं आणि गाडीत फक्त त्याची खूण वापरायची, असं नव्याने ठरलं. खूण म्हणजे पोटावर तळवा आणि तीन लांब श्वास. सॅक पुढे अडकवलेली असली की त्यामागचा हात कुणाला दिसत नाही.

पण नुसत्या संमोहनावर हे भागलं नसतं. सोबत जुन्या खबरदाऱ्या एकेक करून सोडायच्या होत्या. आधी निघतानाची तिसरी फेरी बंद. मग चहाबरोबर अर्धी पोळी. सुट्टीच्या दुपारी रिकाम्या गाडीने डोंबिवलीपर्यंत, न उतरता. मग ठाणे. कामाच्या दिवशी दादरपर्यंत जायला सातवी बैठक उजाडली. मधे एक पायरी वगळून त्यांनी एकदम गर्दीची जलद गाडी धरली आणि कुर्ल्याला घामाघूम होऊन उतरले. पुढचा आठवडा मागच्या पायरीवर गेला.

ज्यांना भास होतात, ज्यांचा उन्माद नुकताच ओसरलाय, त्यांच्यासाठी हा मार्ग मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. आणि संमोहन करणाऱ्याला खुशाल विचारावं: संमोहनाच्या प्रमाणपत्राखेरीज शिक्षण काय? भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ की डॉक्टर? बैठका किती? चालू औषधं बंद करायला सांगणारा आणि एका बैठकीत गॅरंटी देणारा, दोघेही टाळावेत.

दहाव्या बैठकीला वहीत कळीचे दिवस आठवड्याला पाचावरून दोनांवर आले होते, कळ सातावरून तीन-चारावर. पोट फुगणं मात्र तसंच राहिलं. त्यासाठी आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. जुलैत एकदा पावसामुळे गाडी ठाण्याच्या पुढे अर्धा तास उभी राहिली. मुरडा आला, थोडा वेळ राहिला आणि ओसरला. ‘बांध हलला, पण फुटला नाही,’ असं त्यांनीच सांगितलं.

खिशातल्या गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत तोवर संपली होती. नवीन घेऊन ठेवू का, असं त्यांनी जरा ओशाळून विचारलं. घ्या, म्हटलं.