बाथशीबाचे दोन नकार सारखेच आहेत का?

थॉमस हार्डीच्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड'मध्ये (1874) नायिका बाथशीबा मेंढपाळ गेब्रिएल ओकला नाही म्हणते आणि शेतकरी बोल्डवुडलाही. 'प्रेम नाही' हे कारणही दोन्हीकडे तेच. मग पहिला माणूस शेवटी नवरा होतो आणि दुसरा खुनी, असं का, हा तुमचा प्रश्न. (कादंबरी वाचायची असेल तर इथेच थांबा, पुढे शेवट फुटणार आहे.)

माझ्या मते पहिला नकार ती मोकळ्या मनाने देते. दुसऱ्या वेळी तिच्या डोक्यावर अपराधाचं ओझं असतं, आणि बोल्डवुड तेच ओझं धरून बसतो.

ओक एक कोकरू घेऊन मागणी घालायला येतो. ती घरी नसते. तिच्यामागे बरेच जण आहेत असं आत्याबाई सांगतात, म्हणून तो परत फिरतो, तर ही धापा टाकत टेकडीवर त्याच्यामागे धावत येते. कशासाठी? तर तसं कुणी नाही, एवढंच सांगायला! बिचाऱ्याला तो होकारच वाटतो. मग तो संसाराचं चित्र रंगवतो: पियानो, संध्याकाळी त्याची बासरी, बाजाराला जायला छोटी घोडागाडी, काकडीचा वाफा, वर्तमानपत्रात लग्नाची बातमी. तिला सगळं आवडतं. पण तू मान वर केलीस की मी समोर असेन, असं तो म्हणतो आणि तिथे घोडं अडतं. नवरीचा थाट तिला हवा आहे, कायम समोर बसलेला नवरा नको, आणि हे ती तोंडावर सांगते. वर सल्ला देते की पैसेवाली बघ, शेताला भांडवल होईल. आगाऊपणा आहे, पण लबाडी नाही. ओक म्हणतो, पुन्हा विचारणार नाही.

बोल्डवुडच्या वेळी चित्र पालटलेलं असतं. काकाची शेती तिच्याकडे आलेली, चोर कारभाऱ्याला हाकलून ती स्वतः कारभार बघतेय. चाळिशीतला हा शेजारी आपल्याकडे बघत नाही, एवढ्यावरून गंमत म्हणून तिने त्याला व्हॅलेंटाइनची चिठ्ठी पाठवलेली, लाखेवर 'माझ्याशी लग्न कर' असा ठसा मारून. मेंढ्या धुण्याच्या हंगामात तो मागणी घालतो आणि काय देऊ करतो? दुग्धशाळा गडी बघेल, सुगीत पाऊसपाण्याची चिंता तुला नको. म्हणजे जे करण्यात तिला अभिमान वाटतो, नेमकं तेच तो काढून घेणार! हार्डी इथे काही बोलत नाही, ते बरंच करतो.

ती नाहीच म्हणते. पण त्या चिठ्ठीबद्दल माफीही मागते, आणि 'पुन्हा बोलू का' या प्रश्नाला ठाम नकार देत नाही. पुढे काही आठवड्यांची मुदत, त्यात अर्धवट आशा. मग ती ट्रॉय नावाच्या सैनिकाशी लग्न करते, ट्रॉय बुडाला असं सगळे समजतात, आणि नाताळच्या मेजवानीत बोल्डवुड तिच्याकडून सहा वर्षांनंतरच्या लग्नाचा शब्द अक्षरशः पिळून काढतो. तेवढ्यात ट्रॉय दारात उभा. बोल्डवुड त्याला गोळी घालतो.

'सगळं त्या चिठ्ठीमुळे झालं' म्हणणारे वाचक मला पटत नाहीत. चिठ्ठी हा पोरकटपणा होता, पण नकाराचं हप्त्याहप्त्याने होकारात रूपांतर करायचा हट्ट बोल्डवुडचा. त्याच्या घरात पुढे बायकी कपडे-दागिन्यांची पुडकी सापडतात, त्यांवर 'बाथशीबा बोल्डवुड' हे नाव आणि सहा वर्षांनंतरची तारीख. हे प्रेम नव्हे, आजार आहे. फाशी टळते तीही त्यामुळेच.

ओक मात्र खरंच पुन्हा विचारत नाही. तो देश सोडून जायच्या बेतात असताना तीच त्याच्या घरी जाते. तू मला होकार देशील हे कळलं असतं तर, असं तो म्हणतो, तेव्हा ती म्हणते, कळणार कसं, तू विचारतच नाहीस. चौथं, एकोणिसावं आणि छप्पन्नावं प्रकरण लागोपाठ वाचून बघा. मधली पन्नासेक प्रकरणं माहीत असतील तर तासाभराचं काम आहे.